नान्नजच्या माळावरचं वारं

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे पावणेसहाला सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागलो, तेव्हा मोबाईल १० अंश दाखवत होता. उन्हाळ्यात ४४ अंश सोसणाऱ्या सोलापूरकराला हा कडाकाच. पण नान्नज वीस-बावीस किलोमीटरवर. उजाडताना माळढोक पक्षी अभयारण्याच्या माळावर काळवीट बघायचे, एवढाच बेत. गाडी मी चालवत होतो, मागे दादा बसला होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, सैन्यातून निवृत्त झालेला, लडाखमधल्या द्रासला दोन हिवाळे काढलेला. निघताना तो म्हणाला होता, "स्वेटरवरून वारा अडवणारं काहीतरी घाल." मी घातलं नाही. हातमोजेही घरीच राहिले.

शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंनी ज्वारीची रानं सुरू झाली आणि मी गाडी साठवर नेली. पाच मिनिटांत वारा स्वेटरच्या विणीतून आत शिरला. दहाव्या मिनिटाला बोटं आहेत की नाहीत ते कळेना. तेवढ्यात पुढे उसाची ट्रॉली आली, मागे ना दिवा ना लाल पट्टी. ब्रेक दाबायला गेलो तर बोटं वळेचनात. कशीबशी मूठ आवळली, गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. दादा काही बोलला नाही. त्याने मला खाली उतरवलं, माझे दोन्ही हात माझ्याच काखेत घालायला लावले आणि पुढे गाडी स्वतः चालवली.

नान्नजच्या अलीकडे चहाच्या टपरीवर शेकोटी पेटली होती. मी बधिर हात थेट जाळावर धरायला निघालो, तर दादाने मनगट पकडलं. "लांब धर. बोटांना कळत नाही तेव्हा भाजलेलंही कळत नाही." चहावाले काका माझी हुडहुडी बघून म्हणाले, "थंडी कुठंय एवढी? वारं खातंय तुम्हाला."

काकांनी एका वाक्यात सांगितलं ते असं असतं. आपल्या अंगालगत उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो थर सारखा काढून नेतो आणि शरीर नवा थर तापवत राहतं. वारा जितका जोरात, तितकी उष्णता लवकर जाते. हवेचं तापमान तेच राहतं, उघड्या कातडीला मात्र ते कितीतरी कमी भासतं. याला विंड चिल म्हणतात. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४१ साली अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं हे मोजून त्याचा पहिला हिशोब मांडला. अमेरिका आणि कॅनडा आज वापरतात ते सूत्र २००१ सालचं आहे. त्यात माझे आकडे घातले, १० अंश आणि ताशी ६० किलोमीटर, तर उत्तर येतं सुमारे ५ अंश. गाडीवर तर वारा थेट तोंडावर येतो, म्हणजे त्याहूनही थोडं कमीच. वारा निसर्गाचा की गाडीच्या वेगाचा, कातडीला फरक पडत नाही.

चहा घेताना मी दादाला द्रासचं विचारलं. एरवी तो त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाही. "तिथं आकडा एक असतो आणि अंगाला लागतं ते दुसरंच," तो म्हणाला. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटरचं वारं सुटलं की कातडीला ते उणे ३३ सारखं लागतं. तेवढ्या गारठ्यात उघडं नाक, कान, गाल दहा ते तीस मिनिटांत गोठू शकतात. म्हणून तिथे जवान एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात, कारण पांढरा पडलेला गाल ज्याचा त्याला कळत नाही. असा भाग चोळायचा नाही, त्यावर बर्फ तर मुळीच घासायचा नाही. आडोशाला नेऊन, पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात धरायचा, आणि डॉक्टर गाठायचा. ओले कपडे आधी काढायचे, घामाने भिजलेला सुती बनियनसुद्धा. दारूने ऊब वाटते, पण कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता उलट बाहेर जाते. "आणि कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला, जीभ अडखळायला लागली, तर तो बरा झाला असं समजू नकोस. तेव्हाच खरी घाई करायची."

हे ऐकताना मला आमच्याकडच्या एका सवयीची भीती वाटली. थंडी वाढली की घराची दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवतात. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेत माणूस जातो. शेगडी अंगणातच ठेवा. हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

माळावर पोचलो तेव्हा पूर्व उजळली होती. माळढोक दिसला नाही. तो आता दिसणंच दुर्मीळ, हे ठाऊक असूनही नजर शोधत राहिली. काळवीट मात्र होते, पिवळ्या गवतात उभे. वारा मोकळा सुटला होता. रस्त्याकडेला एक धनगरबाबा बांधाच्या आडोशाला बसले होते, डोक्यावरून घोंगडी, मेंढरं पुढ्यात. आम्हाला बघून ते थोडे सरकले. "बसा हिकडं, वारं लागत न्हाई."

बसलो. बांध जेमतेम कमरेएवढा. पण तिथे वारा नव्हता आणि हवा तीच, तशीच गार. बाबांनी घोंगडीचा एक पदर माझ्या गुडघ्यांवर टाकला. जाड, खरखरीत लोकर, दवाने वरून ओलसर, आत उबदार. थोड्या वेळाने माझे दात वाजायचे थांबले. मी घाबरून दादाकडे बघितलं. त्याने मला माझं नाव विचारलं, बोटं एकेक करून अंगठ्याला लावायला सांगितली. सगळी लागली. मग तो हसला.

परतताना चहावाल्या काकांकडून जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली. दादाने ती घडी घालून माझ्या स्वेटरच्या आत, छातीवर आणि पोटावर लावली. गाडी चाळिसाच्या वर नेली नाही.