काकांनी पाहिलेली बंद बंदरं

आज मुरगावला क्रूझ लागली होती. वास्कोत टॅक्सीवाल्यांची लगबग पाहून बरं वाटलं. बाजारात शेजारचे काका भेटले. क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करणारे, सध्या सुट्टीवर. विषय निघाला २०२० च्या कोरोनाचा.

तेव्हा एकेक देश बंदरं बंद करत सुटला होता. फेब्रुवारीत वेस्टरडॅम जहाजाला जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड सगळ्यांनी नकार दिला. शेवटी कंबोडियाने घेतलं. प्रवासी हळूहळू घरी गेले. खलाशी मात्र अडकले, त्यात आपले गोंयकार किती तरी! भारतीय बंदरांत खलाशांना उतरवून घेण्याची नियमावली आली २१ एप्रिलला. तोवर घरोघरी बायका फोन उशाशी घेऊन झोपत होत्या.

काका म्हणाले, "किनारा दिसायचो रे, पण पाय ठेवायला मिळत नव्हता. कपडे धुवायचे, डेकवर फेऱ्या मारायच्या, परत केबिन." बोलताना हातातली बांगडे माशांची पिशवी या हातातून त्या हातात करत होते.

मला अजून राग येतो. पर्यटन म्हटलं की आपण प्रवासी मोजतो. जहाज चालवणारी माणसं आपलीच, आणि त्यांचा विचार सगळ्यात शेवटी झाला. काका पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर चाललेत. मुलीचं कॉलेज आहे.