मसूरच्या फलाटावरची मुलं

एप्रिल आला की माझ्या वर्गातल्या टेबलावर बाबासाहेबांची चित्रपुस्तकं येऊन पडतात. शाळा जिल्हा परिषदेची, कराड तालुक्यातली. तिसरी-चौथीची मुलं. पुस्तकं वेगवेगळ्या प्रकाशकांची असली तरी पानांचा क्रम ठरलेला असतो: महूचं घर, कंदिलाखाली अभ्यास, परदेशी निघालेली बोट, चवदार तळ्यावरची ओंजळ, संविधानाची प्रत, निळा सूट. ही चित्रं मुलांनी चौकात आणि कॅलेंडरवर आधीच पाहिलेली असतात. त्यामुळे पानं भराभर उलटली जातात आणि पुस्तक पुन्हा टेबलावर येतं.

मला मनापासून वाटतं की आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी लिहिलेल्या चरित्रात आठ-नऊ वर्षांचा भिवा, म्हणजे लहानपणीचे बाबासाहेब, भरपूर पानं भेटला पाहिजे. त्यासाठी काही रचायचीसुद्धा गरज नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा आठवणींत ती गोष्ट स्वतःच सविस्तर लिहून ठेवली आहे, आणि ती आमच्या शाळेपासून फार लांब घडलेली नाही.

साल 1901. भिवाचे वडील रामजीबाबा खटाव तालुक्यात कॅशियर होते. दुष्काळी कामावर तिथं तलाव खोदला जात होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना साताऱ्याहून बोलावून घेतलं. आई आधीच गेलेली. मुलं आगगाडी पहिल्यांदाच बघणार होती, म्हणून घरात केवढी तयारी झाली! नवे विलायती कपड्याचे शर्ट, चमकीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. संध्याकाळी मसूरला उतरली, तर न्यायला कुणीच नाही. पत्र वेळेत वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ही कुणा बड्या घरची मुलं वाटली. त्यानं जवळ येऊन चौकशी केली. मुलांनी सरळ सांगितलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो माघारी आपल्या खोलीत गेला.

मी हे वाचून दाखवते तेव्हा वर्ग इथं हमखास गप्प होतो.

पुढं बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार, या अटीवर. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. ओढ्याचं पाणी म्हणजे शेणामुताचा चिखल. रात्री टोलनाक्यावर पोचल्यावर गाडीवानानं सुचवलं तसं भिवानं आपण मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. डबा शिल्लक असताना मुलं उपाशी झोपली.

माझी पोरं यावर जे विचारतात ते कुठल्याच चित्रपुस्तकात नसतं. "बाई, भाकरी होती मग का नाही खाल्ली?" पाण्याशिवाय कोरडा घास घशाखाली उतरत नाही, हे वर्गातल्याच दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. "गाडीवाल्यानं पैसे कसे घेतले मग? ते बाटले नाहीत?" या प्रश्नावर एक अख्खा तास गेला आणि मी तो जाऊ दिला.

लहान मुलांपुढं जातीचं नाव काढू नका, असं पालकांपैकी काहींनी मला सांगून पाहिलं आहे. पुस्तकंही बहुधा त्याच धास्तीनं 'त्यांना फार त्रास सोसावा लागला' एवढ्यावर भागवतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या वयात भिवानं हे सोसलं त्याच वयाच्या मुलांना ते वाचता येतं, समजतं. त्रास कुणी दिला आणि का दिला हेच गाळलं, तर पुढं महाडच्या पानावर, 20 मार्च 1927 ला, हजारो माणसं तळ्याचं पाणी पिण्यासाठी का चालत गेली हे मुलांना कसं कळणार?

चित्रातून हे किती ताकदीनं सांगता येतं ते पाहायचं असेल तर 'भीमायन' बघा. नवयाना प्रकाशनानं 2011 मध्ये काढलेलं हे पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्यानं रंगवलं आहे. मजकूर इंग्रजी आहे, म्हणून मी चित्र दाखवत मराठीत सांगत जाते. पानावर चौकटी आखलेल्याच नाहीत. तहानलेल्या भीमाचं अंगच माशाचं होतं. मायेनं बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. ही खूण मी मुलांना समजावली नव्हती. दोन-तीन पानांत त्यांनी ती आपली आपण ओळखली आणि मग नांगी दिसली की आधीच ओरडायला लागली, "हा वाईट बोलणार बघा!"

मराठीत, आमच्या मुलांच्या बोलीत, सोळा-वीस पानांचं असं पुस्तक व्हायला हवं. पहिलं पान साताऱ्याच्या शाळेचं चालेल. 7 नोव्हेंबर 1900 ला तिथं दाखल झालेल्या मुलाचं नाव रजिस्टरमध्ये 'भिवा रामजी आंबेडकर' असं आहे, आणि 2017 पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. घरून आणायचं आणि घरी न्यायचं ते बसायचं गोणपाट काढा. शिपायानं वरून पाणी ओतलं तरच प्यायला मिळायचं, म्हणजे शिपाई नसला की पाणी नाही, तेही काढा. आणि मसूरला किमान चार पानं द्या. चमकीच्या टोप्या नीट रंगवा, कारण सकाळी त्या घालताना मुलं किती खूश असतील हे दिसल्याशिवाय मास्तरनं पाठ फिरवण्याचा अर्थ पोचत नाही.

कुणा चित्रकाराच्या हाती असं काम असेल तर मसूर स्टेशन पुणे-मिरज मार्गावर, कराडच्या अलीकडं आहे. एकदा प्रत्यक्ष येऊन बघा. आमच्या वर्गातही या, विचारायला मुलांकडं बरंच काही आहे.