दहा रंगवलेले, दहा राहिलेले

खोका उघडला तर वरच्या थरात दहा शिपाई पूर्ण रंगवलेले, खालच्या थरात दहा नुसत्या काळ्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तरात, तेरा वर्षं तसेच आडवे. मधेच का सोडलं ते नीट आठवतंय. नोकरी बदलली, घर बदललं, नव्या घरात रंगकामाला टेबल राहिलं नाही, आणि टेबल गेलं की हा छंद गेलाच म्हणा, कारण बाटल्या, दिवा, पाण्याचा कप, ब्रश हे सगळं रोज मांडायचं आणि रोज उचलायचं हे कुणाच्याने फार दिवस होत नाही. आता खिडकीपाशी एक टेबल मिळालंय, कायमचं, त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही असं घरात सांगून ठेवलंय, आणि त्यावर सगळ्यात आधी हा खोका आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळातले शिपाई. 28 मिलिमीटरचे, प्लॅस्टिकचे, म्हणजे डोकं साधारण मिरीच्या दाण्याएवढं. नेपोलियनच्या काळातलं ब्रिटिश पायदळ, 1815 सालची 44वी रेजिमेंट, लाल कोट, पिवळी कॉलर, पिवळे कफ, राखाडी पँट आणि छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली. फासे आणि मोजपट्टी घेऊन खेळतात, मीही खेळलेय, पण मी यात आले ती रंगवण्यासाठी आणि परत आलेय तीही रंगवण्यासाठीच.

परत येताना पहिली ओढ लागते ती नवं काहीतरी घ्यायची. तेरा वर्षांत साचे इतके सुधारलेत की बघत राहावं, कापडाची घडी, बोटांची पेरं, सगळं स्वच्छ. दोन संध्याकाळी मी नुसती ते बघत बसले. मग बंद केलं. अर्धी राहिलेली तुकडी समोर असताना नवा खोका घरात आला की हे दहा जण कायमचे काळेच राहणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दुसरी ओढ जास्त वाईट. जुने दहा बघितल्यावर वाटायला लागलं, यांचा रंग उतरवून टाकावा आणि वीसच्या वीस नव्याने करावेत. रंग उतरवणं तसं अवघड नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून ठेवायचं आणि जुन्या टूथब्रशने घासायचं, ॲक्रिलिक सुटून येतं आणि प्लॅस्टिकला सहसा काही होत नाही. फक्त ॲसिटोन चुकूनही वापरू नका. धातूच्या मिनिएचरला ते चालतं, पण प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन, आणि ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. फार पूर्वी माझा एक घोडा असाच गेला, आधी पाय मऊ झाले, मग तो हळूहळू बसला, आणि मी तो बाहेर काढेपर्यंत त्याचा गोळा झाला होता. अजून आठवलं की वाईट वाटतं.

तर अल्कोहोलची बाटली काढून ठेवली होती. पण बुडवायच्या आधी एकेकाला दिव्याखाली फिरवून बघितलं. रंग जाड लागलाय, बटणं अर्धी बुजलीयत, दोघांच्या पट्ट्या वाकड्या आहेत, सगळं खरं. आणि मग तिसऱ्याची पाठ समोर आली. पाठीवरच्या काळ्या पिशवीवर मी 44 आकडा लिहिला होता. लिहिला होता म्हणजे ब्रशने, हाताने, पांढऱ्या रंगात, आणि दोन्ही चार सारखे. चौथ्याच्याही पाठीवर तोच. दहाही जणांच्या. हे मी कधी केलं, कुठल्या रात्री केलं, काही आठवत नाही. ते काम पुसणं माझ्याच्याने झालं नाही, बाटली परत आत गेली. ठरवलं की जुने तसेच राहतील आणि राहिलेले दहा असे रंगवायचे की वीसही जण एकाच रेजिमेंटचे दिसले पाहिजेत.

आणि इथेच सगळा गुंता सुरू झाला, कारण ते जुनं लाल माझ्याकडे नव्हतं.

माझी जुनी वही सापडली, तिच्यात कृती लिहिलेली, मेक्रिट रेड, त्यावर ब्लड रेड, मग देवलन मडचा वॉश, म्हणजे खळग्यांत उतरून सावली देणारा पातळ रंग. आता बाटल्या शोधल्या तर पहिली दोन्ही आतून रबरासारखी वाळलेली. ॲक्रिलिकचं असंच असतं, पाण्यात रंगद्रव्य आणि पॉलिमरचे बारीक कण तरंगत असतात, पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पापुद्रा होतो, आणि एकदा पापुद्रा झाला की परत पाणी घालून काही होत नाही. नुसता दाट झाला असेल तर मीडियम, म्हणजे रंग पातळ करायचा बिनरंगी द्रव, घालून हलवून वाचतो, पण दगड झाला की संपलं. बरं, तेच रंग परत घ्यावेत तर 2012 साली हे रंग बनवणाऱ्या सिटाडेलने अख्खी रेंजच बदलली, ती नावं गेली. देवलन मडच्या जागी ॲग्रॅक्स अर्थशेड आला, आणि तो चांगलाच आहे, पण जवळचा आहे, तोच नाही. जुन्या वहीतली कृती म्हणजे बंद पडलेल्या रस्त्याचा नकाशा झाली होती.

मग मी चार लाल घेऊन प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, म्हणजे ज्या चौकटीतून भाग कापून काढतो त्या स्प्रूच्या काडीवर, पट्टे ओढत बसले आणि जुन्या शिपायाच्या कोटाशेजारी धरून बघत राहिले. एकही जुळेना. एक नारिंगीकडे जातोय, एक गुलाबीकडे. तीन संध्याकाळी यात गेल्या आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही, कारण त्या तीन संध्याकाळीत लाल रंगाबद्दल मी जेवढं शिकले तेवढं पूर्वीच्या सगळ्या वर्षांत शिकले नव्हते. काळ्यावर लाल लावलं की ते मळकं दिसतं आणि चार चार हात दिले तरी खालचा काळा डोकावतो. म्हणून आधी लालसर तपकिरी द्यायचा आणि मग लाल, म्हणजे दोन पातळ हातात भागतं. आणि उजळवायला लालमध्ये पांढरं घातलं तर गुलाबी होतो, नारिंगी किंवा फिकट त्वचेचा रंग घातला तर लालच राहतो.

तिसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं की मुळात जुनं लाल तरी कुठे बरोबर होतं. त्या काळात साध्या शिपायांचे कोट मॅडरच्या, म्हणजे मंजिष्ठाच्या युरोपातल्या भावंडाच्या, मुळांपासून काढलेल्या रंगात रंगवायचे, तो लाल विटकरीकडे झुकणारा, आणि अधिकाऱ्यांचे कोट मात्र कोचिनील किड्यांपासूनच्या लखलखीत शेंदरी लालमध्ये. त्यात शिपायाचा कोट पावसापाण्यात उन्हात विटणार. माझे जुने दहाही जण अधिकाऱ्यांसारखे झगमगत होते. मग उत्तर सापडलं ते असं, नव्यांना जुन्यांशी जुळवायचं नाही आणि जुन्यांना नव्यांशीही नाही, दोघांनाही तिसऱ्याच एका रंगाकडे न्यायचं. जुन्यांच्या कोटावर तपकिरी ग्लेझ द्यायचा, आणि नवे दहा मुळातच विटकरी करून त्यांच्यावरही तोच ग्लेझ, त्याच बाटलीतला.

ग्लेझ म्हणजे एवढा पातळ रंग की लावल्यावर लावला की नाही असं वाटावं. एक थेंब रंगाला सहा-सात थेंब मीडियम. ब्रश भरला की आधी टिश्यूवर टेकवायचा, नाहीतर पाणी सांडून खळगीत जमा होतं, आणि फटकारा ज्या बाजूला गडद हवंय त्या बाजूला संपवायचा, कारण ब्रश उचलतो तिथे रंग साठतो. तिसऱ्याच शिपायावर मी घाई केली, टिश्यूला टेकवला नाही, आणि कोटाच्या मागच्या टोकाला ओल साचून वाळल्यावर तिथे कडा उमटली, कपाच्या तळाची उमटते तशी गोल. ती घालवायला मधला लाल परत पातळ करून दोनदा द्यावा लागला. वॉश आणि ग्लेझ यात हाच फरक, वॉश आपणहून खळग्यांत पळतो आणि तेच आपल्याला हवं असतं, ग्लेझला मात्र आपण सांगू तिथेच थांबवायचं असतं.

हाताबद्दल बऱ्याच जणांना काळजी असते, इतक्या वर्षांनी हात स्थिर राहील का. हात येतो. पहिल्या संध्याकाळी थरथरला, चौथ्या संध्याकाळी नाही. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवायची, तळव्यांच्या टाचा एकमेकींना भिडवायच्या, मिनिएचर नुसत्या बोटांत न धरता बुचावर चिकटवायचं, आणि रेघ ओढताना श्वास सोडायचा. डोळ्यांचं मात्र खरंच बदललंय. पूर्वी नाकापाशी धरून दिसायचं ते आता हातभर लांब धरावं लागतं आणि हातभर लांबून मिरीएवढं डोकं काय दिसणार. डोक्याला लावायचं भिंग घेतलं आणि पांढऱ्या उजेडाचा दिवा घेतला, आणि माझं स्पष्ट मत आहे की परत येणाऱ्याने पहिला खर्च यावरच करावा, रंगांवर नाही. मधल्या काळात आलेल्या नव्या रंगांपैकी 2019 साली आलेले कॉन्ट्रास्ट रंग मी वापरून बघितले, फिकट प्रायमरवर एका हातात सावली आणि उजेड दोन्ही देतात, घोड्यांना, कापडी पिशव्यांना छानच. या कोटांना नाही वापरले, जुन्या दहांशेजारी ते वेगळे पडले असते. वेट पॅलेट मात्र आधीच का वापरला नाही याची हळहळ वाटते, चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि सकाळी कालवलेला लाल रात्रीही तसाच.

आता त्या पांढऱ्या पट्ट्या. यावर मी वेळ घालवला आणि घालवणार. पट्टा साधारण एक मिलिमीटर रुंद, लालवर पांढरा, म्हणजे जरा हललं तरी दिसतं. आधी पट्ट्याच्या जागी गडद तपकिरी, पट्ट्यापेक्षा किंचित रुंद. मग त्याच्या आत मधोमध मध्यम राखाडी. मग फिकट राखाडी, दोन्ही कडांना तपकिरीची केसाएवढी रेघ सोडून. आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर जिथे पट्टा वळतो तिथे आणि जिथे दोन पट्टे एकमेकांवरून जातात तिथल्या वरच्या कडेला. बास. पूर्वी मी सरसकट पांढरा फासायचे आणि वर राखाडीने सावली काढायला जायचे, म्हणून ते वाकडे व्हायचे. ती सोडलेली तपकिरी रेघच पट्टा सरळ दाखवते, आपली चूकही तीच पोटात घेते. डोळे मी रंगवत नाही. टोपीच्या कडेखाली तसाही अंधार असतो, तिथे एक गडद तपकिरी रेघ दिली की माणूस बघतोय असं वाटतं, पांढरे ठिपके दिले की घाबरल्यासारखा दिसतो.

खोक्यात एक अधिकारीही निघाला, धातूचा, मी जुना विकत घेतलेला. त्याच्या पायाशी पांढरी पूड धरलेली. जुन्या मिनिएचरमध्ये शिसं असायचं, आणि लाकडी खणात बंद राहिलं की लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं असं पांढरं पडत जातं. हातमोजे घालून ती पूड ओल्या कापडाने टिपून काढली, हवा खेळती असेल अशा काचेच्या बरणीत ठेवलाय. त्याचं लाल मात्र शेंदरीच ठेवणार, तो अधिकारी आहे.

दहापैकी सात झालेत. माझ्यासमोर फ्रेंच सैन्य घेऊन बसायची ती मैत्रीण परवा आली होती, सतरा जण तीन ओळींत मांडून ठेवले होते. उभ्याउभ्या बघून म्हणाली, "अगं, यातले जुने कुठले?" मग दोन उचलून हातात घेतले आणि लगेच ओळखले. टेबलावरून कळत नाही, हातात घेतल्यावर कळतं. मला हेच हवं होतं. तिला पाठीवरचे आकडे दाखवले. नव्या सातांच्या पाठी अजून कोऱ्या आहेत, स्प्रूच्या काडीवर रोज दहा-बारा वेळा 44 लिहितेय, पहिला चार जमतो, दुसरा थोडा मोठा होतोय.

राहिलेल्या तिघांत एक निशाणवाला आहे. रेजिमेंटचं निशाण त्यांच्या कॉलर-कफांच्या रंगाचं असतं, म्हणजे या रेजिमेंटचं पिवळं, आणि 16 जून 1815 ला कात्र ब्राच्या लढाईत फ्रेंच भालाईत घोडेस्वाराने या रेजिमेंटच्या निशाणावर झडप घातली होती आणि निशाणवाल्याने जखमी होऊनही ते जाऊ दिलं नाही, तेव्हा त्याला निवांत वेळ देणार आहे. पिवळा रंग लालपेक्षाही पातळ झाकतो, म्हणून त्याच्याखाली आधी गुलाबी द्यायचा. तो आज दुपारी दिला. आत्ता वाळतोय.