पडेल ते काम

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण ज्याने रचली, त्याने बचावपटू चार्ल्स वुडसनला खेळताना पाहिले नव्हते, हे उघड आहे. अमेरिकन फुटबॉल हा मुळात वाटणीचा खेळ आहे. चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे आणि नुसती लाथ मारण्यापुरता मैदानात उतरणारा गडी तिसराच. अशा खेळात बचावपटूने आपली जागा सोडून चहूकडे वावरणे म्हणजे आचाऱ्याने पंगतीत वाढायलाही उतरण्यासारखे आहे.

ओहायोतील फ्रीमाँट येथे १९७६ मध्ये जन्मलेल्या वुडसनची पावले जन्मतः वाकडी होती आणि लहानपणी त्याला आधाराच्या पट्ट्या बांधाव्या लागल्या. त्याच पावलांनी त्याने नोव्हेंबर १९९७ मध्ये, मिशिगन विद्यापीठाकडून ओहायो स्टेटविरुद्ध खेळताना, पंटचा, म्हणजे लाथेने उडवून दिलेला, चेंडू घेऊन ७८ यार्ड धावत टचडाउन केला, म्हणजे तो शेवटच्या रेषेपलीकडे नेला. त्याच सामन्यात चढाईला जाऊन ३७ यार्डांचा पास झेलला आणि बचावाला परतून प्रतिस्पर्ध्याचा पास मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, हिरावला. त्या वर्षीचा हाइझमन करंडक, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान, क्वार्टरबॅक (पास फेकणारा गडी) पेटन मॅनिंगला मागे टाकून त्याने मिळवला. मुख्यतः बचाव करणाऱ्या खेळाडूला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढे ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाकडे तो कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा एकटा राखणदार, झाला. जानेवारी २००२ मध्ये भर बर्फात त्याने आपल्या मिशिगनच्या जुन्या सहकाऱ्याच्या, आता प्रतिस्पर्धी संघाचा क्वार्टरबॅक असलेल्या टॉम ब्रेडीच्या, हातून चेंडू पाडला. परंतु पंचांनी ‘टक रूल’ (पासासाठी पुढे गेलेला हात मागे घेताना चेंडू सुटला, तरी तो पासच धरण्याचा नियम) लावून तो अपुरा पास ठरवला आणि चेंडू ब्रेडीच्या संघाकडेच राहिला. निर्णय नियमात बसत होता, तरी मला तो अजून पचत नाही. तो नियमही २०१३ मध्ये रद्द झाला.

२००६ मध्ये इतर संघांनी फारसा रस न दाखवल्याने तो काहीशा नाखुशीनेच ग्रीन बेच्या संघाकडे गेला, आणि त्याचे खरे रूप तिथेच उमलले. २००९ मध्ये बचावाची आखणी डॉम केपर्सकडे आल्यावर वुडसन अनेकदा कडेऐवजी आत, गर्दीत, उभा राहू लागला. जुनी चित्रणे पाहताना माझी नजर चेंडूवर नसून त्याच्यावर असते. चेंडू सुटण्याआधी तो किंचित वाकून उभा असतो आणि समोरचा क्वार्टरबॅक त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहतो, कारण हा गडी रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, मागे जाणार, धावणाऱ्याला आडवा येणार की थेट आपल्याच अंगावर येणार, हे त्याला कळत नसते. त्या हंगामात वुडसनने नऊ पास हिरावले, चार वेळा चेंडू पाडला आणि तेहतिसाव्या वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. नंतर सेफ्टीची, म्हणजे सर्वांत मागच्या राखणदाराची, जागा घेऊन तो २०१५ च्या हंगामापर्यंत खेळत राहिला. अठरा हंगामांत ६५ इंटरसेप्शन (हिरावलेले पास) आणि २० सॅक (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) अशी जोडी दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्हती.

मला मात्र फेब्रुवारी २०११ ची सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम लढत, अधिक आठवते. मध्यंतराच्या थोडे आधी पास अडवण्यासाठी त्याने झेप घेतली आणि त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. ड्रेसिंग रूममध्ये तो सहकाऱ्यांपुढे बोलायला उभा राहिला, पण गळा दाटून आल्याने चार शब्दांपलीकडे जाता आले नाही. ग्रीन बेने पिट्सबर्गला ३१-२५ असे हरवले, तेव्हा तो हात गळ्यात अडकवून सीमारेषेबाहेर उभा होता.