तुम्ही विचारलंत म्हणून: शास्त्र फोनवर फुकट आहे, मग हा खटाटोप कशाला?

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, फोनवर फुकट वाचायला मिळतं, मग तुम्ही रात्री जागून त्याच्या फायलींशी कसली झटापट करता? मंडळीतल्या पोरांपासून पाळकांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ॲपमध्ये वाचता येतं, ओवीवर, म्हणजे क्रमांकाच्या वचनावर, खूण करता येते, ती व्हॉट्सॲपवर ढकलता येते. पण मराठी मजकुराशेजारी जुन्या कराराचं मूळ हिब्रू ठेवायचं असेल, किंवा अंध भावंडांसाठी अध्यायवार ध्वनिमुद्रण करायचं असेल, तर मजकूर हातात लागतो आणि तो वापरायची मुभाही लागते. घरोघरी पाठ असलेल्या अनुवादाचे हक्क राखीव आहेत. त्यात गैर काही नाही, अनुवादाला पैसा लागतोच. पण दर वेळी परवानगी मागत कोण बसणार? २०१९ची मराठी आयआरव्ही, म्हणजे इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मिळते. श्रेय द्या, बदल केलात तर तोही त्याच अटींवर खुला ठेवा, बाकी छापा किंवा सॉफ्टवेअरमध्ये घाला. कानाला मला जुनाच अनुवाद गोड लागतो, पण कामाला ही बरी.

हिब्रूच्या बाजूला तर चंगळ आहे. हिब्रू बायबलचं इ.स. १००८च्या सुमाराचं लेनिनग्राड हस्तलिखित सेंट पीटर्सबर्गच्या ग्रंथालयात आहे, आणि त्याचा संगणकीय मजकूर कुणीही उतरवून घ्यावा. ओपन स्क्रिप्चर्स या खुल्या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी त्यातल्या तीन लाखांवर शब्दांना व्याकरणाची माहिती जोडली. केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-संशोधन संस्थेने स्टेपबायबल या आपल्या अभ्यास-साधनाचा डेटाही असाच खुला केला.

आता यात गंमत अशी की ओवीच्या क्रमांकाला क्रमांक लावून मराठी आणि हिब्रू शेजारी ठेवलं, की सगळं घसरतं. मलाखीच्या पुस्तकाचे आपल्याकडे चार अध्याय, हिब्रूत तीनच. ५१व्या स्तोत्राचं शीर्षक हिब्रूत दोन ओव्या खातं, त्यामुळे शुद्ध हृदय मागणारी आपली दहावी ओवी तिथे बारावी. कुठल्या परंपरेतली कुठली ओवी कुठे बसते, याचा अख्खा तक्ता स्टेपबायबलने करून ठेवलाय. तो कुणाला दिसत नाही, कुणी त्याचं कौतुक करत नाही. माझ्या मते या सगळ्या खजिन्यातली सगळ्यात मोलाची फाइल तीच.

याने वाचनात फरक काय पडतो? पंडिता रमाबाईंना बायबल मुळातून मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकाव्या लागल्या, केडगावात वर्षानुवर्षं बसून. १९२२ साली त्या गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. आज कॉलेजातली मुलगी बायबल अभ्यासाला बसल्या बसल्या शब्दावर बोट ठेवते आणि विचारते, “पाळकसाहेब, पण इथे मूळ क्रियापद तर भविष्यकाळी दिसत नाहीये?” पाळकसाहेब घसा खाकरतात. मला हे आवडतं. पण याची दुसरी बाजूही रोज बघतो. जेम्स स्ट्राँग यांनी १८९०च्या शब्दसूचीत मूळ शब्दांना दिलेले क्रमांक आजही बहुतेक साधनांच्या मुळाशी आहेत, आणि त्या क्रमांकावर टिचकी मारली की कोशातले सात-आठ अर्थ समोर येतात. मग उपदेशक ते सगळे एकाच ओवीत कोंबतात. अर्थांची यादी दिसली म्हणजे हिब्रू आली असं नाही, हे त्यांना सांगायचं कुणी?

माझी सगळ्यात जास्त झटापट मात्र शोधाशी चालते. “दुसऱ्या” शोधलं तर अर्ध्या ठिकाणी सापडतो, अर्ध्या ठिकाणी नाही, असं काही फायलींत होतं. कारण तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. मजकूर खुला असला की हे परस्पर दुरुस्त करता येतं, आणि केलंय. सामान्यरूपांचं मात्र अजून रेंगाळलंय: “मेंढरू” टाकलं तर “मेंढरांना” हाती लागत नाही. तुमच्या ओळखीत भाषाविज्ञान शिकणारं कुणी असेल, तर रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे धाडून द्या. चहा माझ्याकडून.