३७ सेकंद आणि ४६ वर्षं

"मग इतकी वर्षं आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

काल रात्री मुरलीकांत पेटकरांवरचा 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा संपला आणि सातवीतल्या भाचीने हे विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. आज दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम! पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण.

ती शर्यत बघताना आम्ही सगळे ओरडत होतो. पण मला जास्त हलवून गेला तो सिनेमातला म्हातारा मुरलीकांत. अर्जुन पुरस्कार मागायला आलेला, आपण कोण आहोत हे पुन्हा पहिल्यापासून सांगणारा.

पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. म्हणजे सुवर्णानंतर ४६ वर्षांनी! आणि अर्जुन जीवनगौरव सिनेमा आल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये.

पोहताना निदान समोरची भिंत दिसते. किती अंतर उरलंय ते कळतं. या ४६ वर्षांत त्यांना काय दिसत असेल? ना टाळ्या, ना घड्याळ. तरी माणूस कडवट झाला नाही, मला याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

तुमच्या तालुक्यात असं कोण आहे, ज्याची शर्यत आपण बघितलीच नाही?