मागच्या भिंतीतल्या तीन खिडक्या

सातारा, मंगळवार, ३ ऑगस्ट २०२१

काल करोनाच्या निर्बंधांबाबत राज्य सरकारचा नवा आदेश निघाला. ज्या अकरा जिल्ह्यांना सवलत मिळालेली नाही, त्यांत साताऱ्याचे नाव आहे आणि रत्नागिरीचेही आहे. म्हणजे माझे सासर आणि माहेर या वेळी एकाच यादीत आले. रात्री जेवणे आटोपल्यावर खानावळ चालवणारे माझे भावोजी आले आणि ओला रेनकोट न काढताच त्यांनी मोबाइलवरचा आदेश मोठ्याने वाचून दाखवला. ज्या जिल्ह्यांत निर्बंध सैल झाले आहेत, तिथेही दुकाने रात्री आठपर्यंत आणि उपाहारगृहे मात्र दुपारी चारपर्यंत, तीही निम्म्या आसनक्षमतेने. "वहिनी, साडीच्या दुकानात आठ वाजेपर्यंत गर्दी चालते आणि माझ्याकडे चारनंतर बसून जेवलेले चालत नाही. हा रोग घड्याळ बघून येतो का?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता, तरी मी त्यांची बाजू घेतली नाही. गेले सव्वा वर्ष आमच्या घरात या एकाच विषयावर वाद चालू आहे. आज झोप येत नाही, म्हणून मला नेमके काय वाटते ते एकदा नीट लिहून काढते.

भावोजींची खानावळ एसटी स्टँडजवळ आहे. ती सासऱ्यांनी सुरू केली, तेव्हा चार बाके आणि मागच्या भिंतीत तीन मोठ्या खिडक्या होत्या. खिडक्यांतून भटारखान्याचा धूर आणि रश्श्याचा वास दोन्ही मागच्या बोळात जात. पाच वर्षांपूर्वी भावोजींनी तिचे रूप पालटले. बारा टेबले आली, वातानुकूलन यंत्र आले, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून तिन्ही खिडक्या प्लायवूडने बंद करून वर सनमायका लावला. त्या वेळी आम्हा सर्वांना त्या बंद, थंड खोलीचे फार कौतुक वाटले होते. कुटुंबे येऊन बसू लागली, गल्ला वाढला, आणि वाढपी, आचारी, भाकऱ्या थापणाऱ्या बायका धरून अकरा माणसे कामावर होती. मार्च २०२० मध्ये सारे बंद झाले. ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या टेबलांवर पुन्हा सुरू झाले, आणि यंदाच्या ५ एप्रिलपासून पुन्हा केवळ पार्सल. भाकरी डब्यात घातली की वाफ धरते आणि घरी पोहोचेपर्यंत लिबलिबीत होते. मटणाची थाळी घरी नेऊन खाणाऱ्याला तीच थाळी अर्ध्या किमतीची वाटते. अकरांपैकी आता चौघे उरले आहेत.

मी सत्तावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे भावोजींशी बोलताना माझ्या तोंडी सतत हवेचा विषय येतो. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या एका उपाहारगृहाची गोष्ट मी त्यांना किमान चार वेळा सांगितली असेल. २४ जानेवारी २०२० ला, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या नसलेल्या दालनात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवायला बसली होती. एका कुटुंबातील व्यक्तीला लागण झालेली होती, आणि पुढे त्या तीन कुटुंबांतील मिळून दहा जण आजारी पडले. टेबलांमध्ये साधारण एक मीटर अंतर होते आणि शेजारचे लोक सोबत बसले ते तासभर. त्या मजल्यावर ८३ गिऱ्हाईक आणि ८ कर्मचारी होते; बाकी कोणालाही काही झाले नाही, वाढणाऱ्यांनाही नाही. अभ्यासकांनी कोण कुठे बसले होते याचा नकाशा काढला, तेव्हा तिन्ही टेबले एकाच वातानुकूलन यंत्राच्या झोतात होती असे दिसले. तीच हवा त्या कोपऱ्यात फिरत राहिली होती आणि ती बाहेर काढणारे पंखे बंद होते. अमेरिकेतील ३१४ प्रौढांच्या एका पाहणीतही, चाचणीत बाधित निघालेल्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत उपाहारगृहात जेवल्याचे इतरांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात सांगितले होते. दुकानात माणूस मुखपट्टी लावून उभा राहू शकतो. जेवताना ती काढावीच लागते, आणि जेवायला बसलेला माणूस गप्प बसत नाही. साडीचे दुकान आणि खानावळ यांतला फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे. एप्रिलमध्ये साताऱ्यात खाट मिळवण्यासाठी लोक रात्र रात्र फोन करीत होते. त्या दिवसांत भावोजींचे दालन बंद ठेवणे योग्यच होते असे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. त्यांना ते लागते हे मला ठाऊक आहे.

पण मग दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवी. गेल्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत 'चार भिंती' या टेकडीवरच्या ठिकाणी किंवा यवतेश्वरच्या घाटात पहाटे एकटे फिरायला निघालेल्या माणसालाही परत पाठवले जात होते. माझे गुडघे त्या दोन महिन्यांत आखडले ते अजून पुरते सुटलेले नाहीत. उघड्या माळावर, वाऱ्यात, एकट्या चालणाऱ्या बाईपासून कोणाला काय होणार होते? चीनमधील ७,३२४ रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात उघड्यावर झालेल्या संसर्गाची एकच घटना सापडली, आणि तीत दोनच माणसे होती. तीन किंवा अधिक जणांना लागण झालेले जे ३१८ प्रसंग त्यांनी नोंदले, ते सगळे छपराखाली घडले होते. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे अभ्यासाशिवाय कळत होते. सासूबाई त्यांच्या आजीच्या आठवणी सांगतात: प्लेग आला की गाव ओस पडे, माणसे शेतात आणि माळावर झोपड्या बांधून राहत, आणि उंदीर पडणे थांबल्याची खात्री झाली की मगच घराचे कुलूप काढीत. तो रोग वेगळा, त्याची वाट वेगळी, हे मी जाणते. तरी १८९७ मध्ये त्याच प्लेगसाठी केलेला साथरोग कायदा आपण १२३ वर्षांनी पुन्हा बाहेर काढला, आणि त्या काळची उघड्यावर जाऊन राहण्याची रीत मात्र उलटी करून सगळ्यांना दाराआड कोंडले, याची मला खंत वाटते.

समुद्रकिनाऱ्यांच्या बाबतीत हा वाद जगभर झाला. ऑस्ट्रेलियातील बाँडायचा किनारा मार्च २०२० मध्येच बंद झाला, कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी एप्रिलच्या अखेरीस ऑरेंज काउंटीचे किनारे बंद केले, आणि त्या वेळी दूरदर्शन वाहिन्यांवर दिसणाऱ्या वाळूवरच्या गर्दीला सगळेच शिव्या देत होते. लांबच्या भिंगातून काढलेल्या छायाचित्रात चार हात अंतरावरची माणसेही खांद्याला खांदा लावून उभी असल्यासारखी दिसतात, हे तेव्हा माझ्याही लक्षात आले नव्हते. आपल्या राज्याने ३ जून २०२० पासून किनाऱ्यावर आणि बागेत फिरण्यास व व्यायामास पुन्हा परवानगी दिली. तो निर्णय मला शहाणपणाचा वाटला, आणि मी तसे उत्साहाने माहेरी, गुहागरला, दादाला फोन करून सांगितले.

दादाचे घर पुळणीपासून हाकेच्या अंतरावर, सुरूच्या बनामागे आहे. वाडीत त्याने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. कुंभार्ली घाट उतरून आमच्या सातारा-कऱ्हाडकडची कितीतरी कुटुंबे दर दिवाळीला आणि मे महिन्यात त्याच्याकडे उतरतात. किनारा उघडल्याने त्याला आनंद होईल असे मी धरून चालले होते. तो म्हणाला, "अगं, पुळणीवर काही होत नाही हे मलाही कळते. पण माणूस पुळणीवर राहत नाही. तो गाडीतून पाच जणांत दाटीने बसून येतो, रात्री माझ्या खोलीत झोपतो, आणि सकाळी त्याच्यापुढे घावन ठेवते ती आपली आई. तिला काही झाले तर मी तिला चिपळूणला नेऊ की रत्नागिरीला?" आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. ज्याचे पोट किनाऱ्यावर आहे, तोच किनारा बंद ठेवा म्हणत होता, आणि मी साताऱ्यात बसून त्याला मोकळ्या हवेचे गुण सांगत होते. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला फार ओशाळल्यासारखे झाले. वाळू निर्दोष असली तरी वाळूपर्यंतची वाट निर्दोष नसते, आणि लहान गावात त्या वाटेच्या शेवटी एखाद्या म्हातारीचा ओटा असतो, ही गोष्ट माझ्या हिशेबातून सुटली होती.

म्हणून आज भावोजी गेल्यानंतर मी स्वतःला विचारले, की माझा आक्षेप नेमका कशावर आहे. बंद करण्यावर तो नाही. जून महिन्यापासून जी पाच स्तरांची पद्धत आहे, ती बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या आहेत यांवर जिल्ह्याचा स्तर ठरवते, आणि ती मला पटते; इस्पितळे भरत असताना डोळे मिटून सारे उघडणे हे पाप ठरले असते. पण स्तर ठरला की ज्या खानावळीला तीन बाजूंनी वारा आहे ती आणि जिच्यात वाऱ्याला वाटच नाही ती, दोन्ही एकाच नियमाखाली येतात. महाबळेश्वर रस्त्यावर झाडाखाली चार टेबले मांडणाऱ्याला आणि तळघरात बार चालवणाऱ्याला एकच वेळ मिळते. चार वाजेपर्यंतची मर्यादा घातली की सगळे गिऱ्हाईक दोन तासांत एकदम येते आणि दालन अधिकच दाटते. जागतिक आरोग्य संघटनेने यंदाच्या एप्रिल अखेरीस, कोंदट आणि गर्दीच्या बंद जागांत हा विषाणू हवेतून पसरतो, असे स्पष्ट शब्दांत मांडले. जपानने तर २०२० च्या आरंभीच बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणे या तीन गोष्टी टाळा असे आपल्या लोकांना सांगितले होते. इकडे आम्ही टेबलांना औषध फवारत राहिलो, आणि कोणी येऊन भावोजींना "तुमच्या खिडक्या कुठे आहेत?" असे एकदाही विचारले नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे, आणि तो लिहिताना माझा हात कापतो. साथ आटोक्यात राहावी म्हणून खानावळ बंद ठेवायची, तर त्यातला लाभ सगळ्या गावाला आहे. मग त्याचा खर्च एकट्या वाढप्याने का सोसायचा? एप्रिलमध्ये सरकारने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तेव्हा नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक आणि बांधकाम कामगार यांना दीड हजार रुपये आणि गरजूंना महिनाभर शिवभोजन थाळी मोफत मिळाली. ते चांगलेच झाले. पण त्या यादीत खानावळीत ताटे वाढणाऱ्याचे नाव नव्हते. भावोजींकडे एकोणीस वर्षे काम केलेले एक वाढपी होते, पाटण तालुक्यातल्या डोंगरातले. सगळे त्यांना मामा म्हणत. पार्सलच्या दिवसांत अर्ध्या पगारावर राहण्याऐवजी ते गावी गेले आणि मे महिन्यात तिथे करोनाने गेले. त्यांना लागण कुठे झाली हे कोणालाही सांगता येणार नाही; एसटीत, गावातल्या लग्नात की घरातच. खानावळ उघडी असती तर ते इथे राहिले असते असे भावोजी म्हणतात, आणि उघडी असती तर कदाचित इथेच लागण झाली असती असे माझ्या मनात येते. मी ते त्यांना कधीही बोलून दाखवलेले नाही. मामांच्या मरणाचा उपयोग वादात करायचा नाही, एवढे आम्ही दोघेही न ठरवता पाळतो.

बारा वाजून गेले. पाऊस अजून आहे. पंधरवड्यापूर्वीच्या पुराने चिपळूणचे जे केले त्यानंतर दादाकडे या मोसमात कोण येणार, हा प्रश्न आदेशाच्याही पलीकडचा आहे.

गुरुवार, १२ ऑगस्ट २०२१

काल मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. १५ ऑगस्टपासून उपाहारगृहे रात्री दहापर्यंत, निम्म्या आसनक्षमतेने. कर्मचाऱ्यांच्या लसीच्या दोन्ही मात्रा होऊन चौदा दिवस झालेले असावेत, अशी अट आहे. आमच्या चौघांपैकी दोघांचीच दुसरी मात्रा झाली आहे, त्यामुळे रविवारी लगेच पूर्ण दालन चालवता येणार नाही. भावोजी त्याने थोडे खट्टू झाले, पण मी सूचना वाचत खाली गेले आणि एका वाक्यापाशी थांबले. वातानुकूलित जागा असेल तर किमान दोन खिडक्या किंवा दार उघडे ठेवून, पंखा लावून हवा खेळती ठेवायची आहे. ते वाक्य मी भावोजींना दोनदा वाचून दाखवले. एका सरकारी कागदावर खिडकी हा शब्द पाहून डोळ्यांत पाणी येईल असे मला कधी वाटले नव्हते.

दुपारी सुतार आला. सनमायका निघाला, प्लायवूड निघाले, आणि आतली सासऱ्यांच्या वेळची सागवानी चौकट शाबूत निघाली. पहिल्या दोन खिडक्या तेल घालून उघडल्या. तिसरी ओलीने फुगली आहे, ती उद्या रंधा मारल्यावर सुटेल असे तो म्हणाला. बोळातला वारा आत आला, तेव्हा भाकऱ्या थापणाऱ्या बाईंनी चुलीपासून मान वर करून पाहिले. मागच्या बाजूची दोन टेबले भावोजींनी स्वतः उचलून बाहेर पडवीत नेली. मामा उभे राहत तो खांब आता खिडकीसमोर येतो.